आजोबांची चित्रे माडीवर आहेत: आधी स्वच्छ करावीत की आधी नोंदवावीत?

प्रश्न — पेठेतली नात

नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. माझे आजोबा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते आणि १९३८ पासून १९८१ साली निधन होईपर्यंत त्यांनी चित्रे काढणे कधी थांबवले नाही. आमच्या जुन्या घराच्या माडीवर त्यांची ६३ चित्रे आहेत. त्यांपैकी ३१ तैलचित्रे असून काही विकतच्या कॅनव्हासवर, तर बरीचशी मांजरपाटाला घरीच सफेदा आणि अळशीचे तेल लावून तयार केलेल्या कापडावर आहेत. २७ जलरंगातील निसर्गचित्रे आहेत आणि ५ पावडर शेडिंगची व्यक्तिचित्रे आहेत. याशिवाय आजोबांच्या गुरूंनी त्यांना दिलेले, खाली १९१९ साल घातलेले एक छोटे तैलचित्र आहे. हे सारे आजवर आजीच्या मायेने टिकले. आता आजी नाही आणि घराची डागडुजी काढायची असल्यामुळे चित्रे हलवावी लागणार आहेत.

दोन वर्षांपूर्वी मी चार जलरंग चित्रे फ्रेम करायला दिली होती. त्या कारागिराने ती लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने प्लायवुडवर चिकटवली आणि तयार चौकटीत बसावीत म्हणून एका चित्राची खालची कडा पट्टी धरून कापली. त्या कडेवर आजोबांच्या हस्ताक्षरात ठिकाण आणि तारीख होती. आता तिथे फक्त अक्षरांच्या वरच्या रेघा आणि काही वेलांट्या उरल्या आहेत. ती कापलेली पट्टी मी दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मागितली, तेव्हा ती केरात गेली होती. त्या दिवसापासून मी एकही चित्र घराबाहेर नेलेले नाही.

मध्यंतरी चित्रांची खरेदी-विक्री करणारे एक गृहस्थ घरी येऊन गेले. तैलचित्रे काळवंडली आहेत, ती पुसून वर व्हार्निशचा हात मारला तर किंमत वाढेल, असे त्यांनी सांगितले. आणि ज्या नऊ चित्रांवर सही नाही, त्यांवर ‘सही करून घेण्याची व्यवस्था’ होऊ शकते, असेही ते सहज बोलून गेले. माझे वडील, दोन काका आणि आत्या असे चार वारसदार आहेत. काहींना चित्रे विकावीत असे वाटते, काहींना ठेवावीत असे वाटते. पण कोणालाही ती खराब व्हायला नको आहेत.

माझे प्रश्न असे आहेत. स्वच्छता आधी करावी की नोंद? घरच्या घरी काय करता येईल आणि कशाला अजिबात हात लावू नये? आणि ज्यांचे नाव कोल्हापूरच्या बाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही, अशा चित्रकाराच्या कामाची किंमत टिकावी म्हणून कुटुंबाने नेमके काय करावे?

उत्तर — कॅनव्हासची शिवण

मी कोल्हापूरचीच आहे, पण गेली अनेक वर्षे मुंबईत चित्रसंवर्धनाचे काम करते. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अगदी स्पष्ट आहे: आधी नोंद, आणि तीही चित्र जसे आहे तसे, धुळीसकट, जाळ्यासकट. स्वच्छता करताना काय गेले हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. आपल्या त्या कापलेल्या कडेचा एक जरी फोटो आधी काढलेला असता, तर कागद गेला तरी ठिकाण आणि तारीख हातात राहिली असती.

तैलचित्र हे एकसंध पत्र्यासारखे नसते. खाली कापड, त्यावर सरस, त्यावर सफेद्याचा थर, मग रंग आणि सर्वांत वर व्हार्निश असे ते थरांचे असते, आणि हवेतला ओलावा वाढला किंवा घटला की प्रत्येक थर वेगळ्या प्रमाणात फुगतो वा आकसतो. अळशीचे तेल सुकते म्हणजे त्यातले पाणी उडून जाते असे नव्हे. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि ही क्रिया वर्षानुवर्षे चालू राहिल्याने रंग हळूहळू कडक होत जातो. जस्ताचा सफेदा तर विशेष ठिसूळ होतो. त्यामुळे आषाढ-श्रावणात सादळलेल्या आणि चैत्र-वैशाखात तडतडलेल्या माडीवर पन्नास-साठ वर्षे राहिलेल्या चित्राचा रंग वरून धड दिसत असला, तरी कापडापासून सुटलेला असू शकतो. अशा चित्रावरून ओले फडके फिरवले की पाणी भेगांतून खाली जाते, सरस फुगतो आणि खपली निघते.

म्हणून एक साधी तपासणी करा. खोलीत अंधार करून चित्र टेबलावर उताणे ठेवा आणि टॉर्चचा झोत एका बाजूने, चित्राच्या पातळीला जवळजवळ समांतर टाका. समोरून सपाट दिसणारा रंग त्या तिरप्या उजेडात कुठे वाटीसारखा वळला आहे, कुठे तंबूसारखा उचलला गेला आहे, हे लगेच दिसते. असा एकही भाग दिसला तर त्या चित्राला ब्रशसुद्धा लावू नका. ते आडवेच ठेवा. ज्यांचा रंग पक्का आहे, त्यांच्यावरची सैल धूळ अगदी मऊ, कोरड्या, रुंद ब्रशने हलकेच झटकता येईल. घरी करण्याजोगे काम तेवढेच आहे. बटाट्याची फोड, कांदा, पावाचा लगदा, साबणाचे पाणी, टर्पेंटाइन हे उपाय आपल्याला कोणी ना कोणी नक्की सुचवील. बटाट्याने चित्र उजळल्यासारखे दिसते हे खरे आहे, पण त्याचे पिष्ट भेगांत राहते आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. टर्पेंटाइनमुळे जुन्या व्हार्निशबरोबर वरचे पातळ रंग, म्हणजे चित्रकाराने शेवटी दिलेल्या छायाच, निघून जाऊ शकतात.

व्हार्निशचा नवा हात मारण्याबद्दल मी अधिक कळकळीने सांगते. राळेपासून केलेले व्हार्निश कालांतराने पिवळे, मग तपकिरी होते. आपल्याकडे त्यावर देवघरातल्या समईची आणि उदबत्तीची काजळीही बसते. त्या मळक्या थरावर नवे व्हार्निश मारले की काजळी दोन थरांच्या मध्ये कायमची कोंडली जाते. त्यातही लाकडी सामानाचे व्हार्निश वापरले गेले तर ते पुढे काढताना मूळ रंगाला धोका पोहोचतो. आमच्या कामात नियम असा आहे की, आज केलेले काम उद्या दुसऱ्या संवर्धकाला मूळ चित्र न दुखावता काढता आले पाहिजे. सुचवलेल्या प्रत्येक उपायाला हा एक प्रश्न विचारा, म्हणजे निम्मे उपाय आपोआप गळून पडतील.

प्लायवुडवर चिकटवलेली चार जलरंग चित्रे ओढून, वाफ देऊन किंवा पाण्यात भिजवून सोडवण्याचा प्रयत्न कोणालाही करू देऊ नका. वाळलेला पांढरा गोंद पाण्याने विरघळत नाही, नुसता फुगतो. कागद आणि जलरंग मात्र पाण्याला लगेच दाद देतात. अशा वेळी चित्र पालथे ठेवून प्लायवुडच मागून थराथराने तासत आणावे लागते आणि अखेरचा पापुद्रा धारदार सुरीने काढावा लागतो. ते तज्ज्ञाचे आणि वेळखाऊ काम आहे. ते लगेच होणार नसेल तर चित्रे कोरड्या, अंधाऱ्या जागी आडवी ठेवा. लाकडातील आम्लाने कागद पिवळा पडत जाईल, पण तो वेग घाईने होणाऱ्या नुकसानापेक्षा कमी असतो.

पावडर शेडिंगबद्दल एक बारकावा सांगते. अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्यामुळे कोल्हापूरकरांना हे तंत्र परिचयाचे आहे, पण त्यात कोरडी भुकटी कागदावर केवळ टेकलेली असते हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अशा चित्राला ॲक्रिलिकची पारदर्शक शीट लावू नये. ती पुसली की तिच्यावर स्थिर विद्युत निर्माण होते आणि भुकटी तिच्याकडे ओढली जाते. काचच लावावी, आणि काच व कागद यांच्यात अंतर ठेवावे.

प्रकाशाबाबत, संग्रहालयांत जलरंगांसाठी साधारण ५० लक्स आणि तैलरंगांसाठी साधारण २०० लक्स ही मर्यादा मानतात; लक्स हे उजेड मोजण्याचे एकक. घरात प्रकाशमापक नसला तरी जलरंग चित्र खिडकीसमोर लावायचे नाही, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले. उडालेला रंग कोणत्याही उपचाराने परत येत नाही. उपचारांसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे आणि लखनौला केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा आहे. तिथे आधी फोटो व मापे पाठवून सल्ला विचारावा.

उत्तर — चौकटवाले

ताई, आमच्या घरात फ्रेमिंगचा धंदा तीन पिढ्यांचा आहे, त्यामुळे आपली कापलेल्या कडेची हकिकत वाचून वाईट वाटले. आमच्या धंद्यात देवाच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि मूळ चित्र यांना एकाच हाताने वागवण्याची सवय लागलेली आहे. छापील तसबीर बिघडली तर दुसरी मिळते, म्हणून ती चिकटवून टाकतात. तोच हात मूळ जलरंगावर चालतो. गिऱ्हाइकानेही ‘हे मूळ चित्र आहे, कापायचे नाही, चिकटवायचे नाही’ असे पावतीवर लिहून घ्यावे. तोंडी सांगितलेले कामाच्या गर्दीत विरून जाते.

कागदावरचे चित्र पाठीला पूर्ण चिकटवायचे नसते. वरच्या कडेला मागून जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून ते टांगते ठेवायचे, म्हणजे पावसाळ्यात कागद फुगला तरी त्याला पसरायला जागा राहते आणि सुरकुती पडत नाही. खळ ताजी शिजवलेली असावी. कसर लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालायचे, आमचे आजोबाही घालायचे. पण त्यातल्या तांब्याने कागद तपकिरी होऊन कुजतो, हे मी जुन्या फ्रेमा उघडताना स्वतः पाहिले आहे. सेलोटेपही कुठेच नको. त्याची पट्टी गळून पडते, पण चिकट डाग कागदाच्या आरपार जातो.

माउंट, म्हणजे चित्राभोवतीची बोर्डाची कापलेली पट्टी, आम्लरहित बोर्डाचाच मागावा. आपल्या घरातल्या जुन्या फ्रेमेत चित्राच्या खिडकीभोवती बोर्डाची कापलेली तिरपी कड पाहा. ती पांढरी असायला हवी, तपकिरी दिसली तर त्या बोर्डाचे आम्ल चित्रात उतरू लागले आहे असे समजावे. अशा माउंटखाली चित्रावर चारी बाजूंनी तपकिरी रेघ उमटलेली सापडते. काचेला चित्र टेकू नये म्हणून माउंट किंवा आत बारीक पट्टी हवीच, कारण टेकलेल्या जागी पाणी धरते आणि रंग काचेला चिकटतो.

कोल्हापुरातल्या जुन्या घरांसाठी मी आणखी एक गोष्ट नेहमी करतो. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे जाड तुकडे लावतो, त्यामुळे भिंत आणि फ्रेम यांच्यात बोटभर फट राहते आणि वारे खेळते. पांढऱ्या मातीची किंवा दगडी भिंत पावसाच्या माऱ्याच्या बाजूची असेल, तर तिच्यावर जून ते सप्टेंबर चित्र ठेवूच नये. आणि जुनी फ्रेम बदलायला देताना जुनी पाठ, जुने खिळे, दुकानाची चिठ्ठी, वर्तमानपत्राचा तुकडा, जे निघेल ते पिशवीत घालून परत मागावे.

पेठेतली नात

दोघांचेही मनापासून आभार. टॉर्चची तपासणी काल रात्री केली. ३१ पैकी सात तैलचित्रांत रंग उचललेला दिसला. त्यांत समोरून सर्वांत ताजे वाटणारे चित्रही आहे, आणि नेमके तेच आम्ही दर दिवाळीला फडक्याने पुसत होतो. ती सातही चित्रे खाली आणून पलंगावर आडवी ठेवली आहेत.

चौकटवाले यांनी पाठीबद्दल लिहिले म्हणून प्रत्येक चित्र उलटे करून पाहिले. सही नसलेल्या नऊपैकी एका तैलचित्रात तळ्याचे पाणी, एक घाट आणि धुक्यातली झाडे आहेत; घरात सगळे ते रंकाळ्याचे समजत होते. त्याच्या मागच्या लाकडी चौकटीच्या खालच्या पट्टीवर, कोळ्याच्या जाळ्याखाली, शिसपेन्सिलीने लिहिलेले सापडले: ‘कोटितीर्थ, सकाळी ७॥, सहाव्यांदा’. म्हणजे हे कोल्हापुरातलेच दुसरे तळे, सकाळी साडेसातचे. अक्षर आजोबांचेच आहे. ‘थ’चा गोल ते वरून उघडा ठेवायचे, तसाच तो तिथे आहे. ही चौकट एका बाजूने वाळवीने खाल्लेली असल्यामुळे ती फेकून नवी घालायचे आम्ही ठरवले होते.

आजोबांची एक हिशेबाची वहीही मिळाली. तीत रंगांच्या नळ्या, कापड, ब्रश यांचा खर्च आणि मध्येमध्ये चित्रांचे उल्लेख आहेत. आता ही नोंद पुढे कशी लावावी, आणि सही नसलेल्या उरलेल्या आठ चित्रांचे काय करावे?

उत्तर — नोंदवही

मी खासगी संग्रहांच्या सूची तयार करतो. आपल्याला मिळालेली ती पेन्सिलीची ओळ कोणत्याही नव्या सहीपेक्षा अधिक मोलाची आहे, म्हणून सहीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो.

दुसऱ्याच्या हाताने आजोबांची सही करून घेणे ही सरळसरळ बनावटगिरी आहे, आणि ती लपतही नाही. जुन्या रंगाला भेगा पडून गेलेल्या असतात. नंतर केलेल्या सहीचा रंग त्या भेगांत उतरतो, तर मूळ सही भेगांबरोबर तडकलेली असते. भिंगाखाली हा फरक दिसतो. अतिनील दिव्याखाली जुने व्हार्निश हिरवट चमकते आणि त्यावर नंतर लावलेला रंग काळा डाग होऊन उठतो. एका चित्रावर अशी सही सापडली की उरलेल्या ६२ चित्रांवरचा विश्वासही जातो, कारण ती एकाच घरातून आलेली असतात. ‘सही नाही, पाठीवर चित्रकाराचे हस्ताक्षर, कुटुंबाकडे सलग ताबा’ असे प्रामाणिकपणे लिहिलेले चित्र निर्दोष आहे आणि विकलेही जाते. उरलेल्या आठ चित्रांसाठी वहीतील उल्लेख, त्याच विषयाची सहीची चित्रे, कापडाची वीण, सफेद्याची पद्धत आणि चौकटीची जोडणी ताडून पाहा. जुळले तर कशावरून जुळले ते लिहा, न जुळले तर ‘चित्रकार: आजोबा असावेत’ असे लिहून थांबा. खात्री आणि अंदाज यांची सरमिसळ सूचीत कधीही होऊ नये.

प्रत्येक चित्राला एक क्रमांक द्या आणि तो पुढे कधी बदलू नका. चित्र विकले गेले तरी तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. क्रमांक चित्रावर लिहायचा नाही. तैलचित्रांच्या चौकटीला सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. कागदावरच्या चित्रांना, पाठीमागे कोपऱ्यात, मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता लिहा. मापे सेंटिमीटरमध्ये, आधी उंची आणि मग रुंदी अशी घ्या, आणि ती फ्रेमशिवायची आहेत की फ्रेममधून दिसणाऱ्या भागाची, हे लिहा. माध्यम, कापड किंवा कागद, सही कुठे व कोणत्या लिपीत, पाठीवरचा मजकूर जसाच्या तसा, शुद्धलेखन न सुधारता. त्यानंतर चित्राची स्थिती: ‘बरी’ किंवा ‘खराब’ असे न लिहिता ‘वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ४ सेंटिमीटरवर, रुपयाच्या नाण्याएवढा रंग सुटलेला’ असे लिहा, म्हणजे पाच वर्षांनी तो डाग वाढला की नाही हे कळेल. चोरीला गेलेल्या कलावस्तू ओळखता याव्यात म्हणून १९९७ मध्ये ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचा आंतरराष्ट्रीय नमुना तयार झाला, त्यातही याच बाबी विचारलेल्या आहेत. चित्र ओळखू येईल अशा खास खुणा, म्हणजे एखादी जुनी दुरुस्ती किंवा भोक, त्यात आवर्जून नोंदवतात. घरच्यांना कमीपणाची वाटणारी खूणच पोलिसांना आणि विमा कंपनीला उपयोगी पडते.

फोटोंसाठी सुरुवातीला चांगला मोबाइल पुरेल. कॅमेरा चित्राला समांतर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर सारखा उजेड, फ्लॅश बंद, कडेला मोजपट्टी आणि रंगपट्टी. समोरून पूर्ण, मागून पूर्ण, सही, पाठीवरचा मजकूर आणि तिरप्या उजेडातला एक. या फोटोंच्या तीन प्रती ठेवा आणि त्यांपैकी एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे असू द्या. छापील सूचीवर चारही वारसदारांनी तारीख घालून सही करावी, कारण वाटणीच्या वेळी ‘ते चित्र होतेच कुठे’ हा वाद चित्राच्या किमतीपेक्षा महाग पडतो.

वहीबरोबर माणसांच्या आठवणीही नोंदवा. आत्याला प्रत्येक चित्रासमोर बसवून त्या काय सांगतात ते ध्वनिमुद्रित करून घ्या. कोणते चित्र कोणत्या खोलीत टांगलेले होते, कोणाच्या लग्नात कोणाला दिले, कोणी बसून काढून घेतले, ही माहिती दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. कोल्हापूरला हे वेगळे सांगायला नको. चित्रकार आबालाल रहिमान यांनी १९२२ मध्ये शाहू महाराजांच्या निधनानंतर आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात सोडली, ही हकिकत इथे पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. पण त्या चित्रांत काय होते हे आज कोणी सांगू शकत नाही, कारण त्यांची यादी नाही. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात त्यांचे जे काम पाहायला मिळते, त्याच्यासमोर उभा राहिलो की मला त्या न केलेल्या यादीची आठवण होते.

कायद्याच्या तीन गोष्टी. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार १०० वर्षे पूर्ण झालेले चित्र पुरावस्तू ठरते. आपले १९१९ चे चित्र त्यात बसते, म्हणून ते परदेशी पाठवता किंवा विकता येणार नाही. देशात विकता येते, पण त्याआधी नोंदणीविषयी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे विचारणा करा, आणि नोंदणी झाली असेल तर मालकी बदलल्याचे कळवावे लागते. दुसरे, चित्राची मालकी आणि त्याचा कॉपीराइट वेगळे असतात. आजोबांचे निधन १९८१ चे असल्याने त्यांच्या चित्रांचा कॉपीराइट २०४१ च्या अखेरपर्यंत राहील. चित्र विकले म्हणून ते कॅलेंडरवर छापण्याचा हक्क आपोआप जात नाही, तेव्हा विक्रीच्या कागदात हे स्पष्ट लिहा. तिसरे, मूळ चित्र पुढे दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्यात चित्रकाराच्या वारसांना वाटा देण्याची तरतूद कॉपीराइट कायद्यात आहे. हा वाटा १० टक्क्यांपेक्षा जास्त नसतो.

किमतीविषयी मी आकडा सांगणार नाही. ज्या चित्रकाराचे काम लिलावात आलेले नाही, त्याची किंमत आधी माहिती तयार झाल्यावरच तयार होते. पूर्ण सूची हाती असलेल्या कुटुंबाला प्रदर्शन भरवता येते, अभ्यासकाला बोलावता येते, संग्रहालयाशी बोलता येते. माझा आग्रह एवढाच आहे की सूची पूर्ण होईपर्यंत एकही चित्र विकू नका, आणि ‘सहाव्यांदा’ हा शब्द विसरू नका. आधीची पाच कोटितीर्थ कुठे आहेत, हे शोधायला हवे.

उत्तर — नदीकाठ

वरच्या सल्ल्यांत पुराचा उल्लेख राहिला म्हणून लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी आले, तेव्हा वडिलांनी जपलेली अकरा जलरंग चित्रे तळमजल्यावरच्या लोखंडी पेटीत होती. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे आम्हाला पाठ होते. पण पेटी उचलायची कोणी हा निर्णय पाणी दारात येईपर्यंत झाला नाही. पाणी ओसरल्यावर आम्ही सर्व चित्रे गच्चीवर कडक उन्हात पसरली. कागद आक्रसून द्रोणासारखे झाले आणि काही एकमेकांना चिकटलेली ओढून सोडवताना फाटली.

नंतर जाणकारांकडून समजले की ओले चित्र उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली धरायचे नसते. सावलीत, पंख्याचा वारा थेट अंगावर न घेता, वाहत्या हवेत ते वाळवायचे. कागद टिपकागदावर आडवे ठेवून टिपकागद बदलत राहायचा. तैलचित्र चौकटीवरून न काढता रंगाची बाजू वर ठेवून आडवे ठेवायचे. बुरशी साधारण दोन दिवसांत धरते, म्हणून घाई करायची ती वाळवण्याची जागा तयार करण्याची. आपली पेठ उंचावर असली तरी माडीचे छप्पर गळू शकते. डागडुजी पावसाळ्यात काढू नका, आणि कोणते चित्र कोणी, कोणत्या क्रमाने उचलायचे हे आजच एका कागदावर लिहून जिन्याजवळ लावा. आम्हाला त्या अकरा चित्रांपैकी कोणती दोन सर्वांत आधी वाचवायला हवी होती, हे नंतर कळले.

पेठेतली नात

काल रविवारी आत्या आली. डागडुजी दिवाळीनंतर करायची असे वडिलांनी आणि काकांनी मान्य केले आहे, आणि सूची होईपर्यंत विक्रीचा विषय काढायचा नाही हेही ठरले. त्या गृहस्थांना फोन करून आम्ही सहीच्या व्यवस्थेला नकार कळवला.

क्रमांक १ म्हणून धुक्यातले कोटितीर्थच घेतले. आत्या त्याच्यासमोर बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, की पाचवे तिच्या सासरी दिवाणखान्यात होते. सासऱ्यांनी ते त्यांच्या एका स्नेह्यांना इचलकरंजीत घरभरणीला दिले, आणि ती लहान असताना आजोबा तिला सायकलच्या दांडीवर बसवून पहाटे तळ्यावर नेत, तेव्हा पाण्यावरचे धुके उठेपर्यंत तिने बोलायचे नसे. हे सारे ध्वनिमुद्रित केले आहे. वाळवी लागलेली चौकट तशीच ठेवली असून तिची पट्टी ५८ सेंटिमीटर लांब आहे, आणि त्या ओळीतल्या ‘७॥’ची दुसरी उभी रेघ अर्धी पुसलेली आहे, हेही नोंदवले आहे. इचलकरंजीला या आठवड्यात जाऊन येते.